पान एकतीसवरची शेपटी

आमच्या सोसायटीच्या रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे, व्यवसायाच्या रकान्यात, 'गृहिणी' लिहिलेलं आहे. मी कॉमिक्सची लेटरर आहे, असं सेक्रेटरींना दोनदा सांगून बघितलं. पहिल्यांदा ते म्हणाले, "म्हणजे लेटर टाइप करता का?" दुसऱ्यांदा मी त्यांना घरी बोलावलं, चहा दिला, स्क्रीनवर दाखवलं. चित्रकथेतली माणसं बोलतात ते पांढऱ्या फुग्यांमध्ये लिहिलेलं असतं ना, ते फुगे आणि त्यातली अक्षरं मी करते. त्यांनी अगदी मन लावून ऐकलं. जाताना दारात चपला घालता घालता म्हणाले, "वहिनी, पुढच्या महिन्यात नातवाचा वाढदिवस आहे. शंभरेक फुगे लागतील." त्या दिवसापासून मी निमूटपणे गृहिणी आहे.

तेव्हा आधी कामाबद्दल. कॉमिक कोणीतरी लिहितं, कोणीतरी काढतं. चित्रं पूर्ण झाली की ती माझ्याकडे येतात. फुगा कुठे ठेवायचा, केवढा ठेवायचा, त्यातली ओळ कुठे तोडायची, कुजबुज बारीक कशी दिसेल, किंकाळी मोठी कशी, कुकरची शिट्टी चित्रात कशी वाजेल, हे सगळं माझं. माझ्यानंतर थेट छापखाना. त्यामुळे लेखकाने दोन महिने उशीर केला, चित्रकाराने तीन केले, की ते पाच महिने भरून काढायला माझ्याकडे चार दिवस असतात. आणि मी ज्यांची कामं करते त्यांच्यामागे मोठी कंपनी वगैरे काही नसते. दोघं-तिघं मित्र मिळून पुस्तक करतात, तीनशे प्रती छापतात आणि जत्रेत टेबल मांडल्यासारखे कुठल्यातरी मेळाव्यात बसून स्वतःच विकतात. यांना स्वतंत्र कॉमिक्स म्हणतात. स्वतंत्र म्हणजे काय, तर चूक झाली की ढकलायला दुसरं कोणी नसतं.

अक्षरांचा नाद मला वडिलांकडून लागला. ते साताऱ्याकडून आलेले, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. हात वळणदार म्हणून गोणीवर व्यापाऱ्याचा मार्का घालायचं कामही त्यांच्याकडेच असायचं. पत्र्याचा साचा, काळा रंग आणि ब्रश. सुट्टीच्या दिवशी मी सोबत जायची. ते सांगायचे, "अक्षर सुंदर कशाला पायजे? पाठीवर गोण घेतलेल्या मानसाला वाकून बगता येत न्हाय. त्याला लांबनं कळलं पायजे. मार्का चुकला की एकाचा माल दुसऱ्याच्या गाळ्यात." पुढे मी जाहिरातीच्या स्टुडिओत अक्षरं कापून चिकटवायला लागले, मग कॉम्प्युटर आला, मग सीवूड्सच्या घरातली मागची खोली माझी कामाची खोली झाली. पण यापेक्षा मोठा धडा मला कोणी दिला नाही. आणि तोच धडा मी एकदा साफ विसरले, म्हणून हा लेख.

त्याआधी गिऱ्हाइकांबद्दल दोन शब्द, नाहीतर माझ्या आयुष्यात नुसत्या चुकाच झाल्या असं वाटायचं. एक चित्रकार होता, खारघरच्या डोंगरामागचं आभाळ त्याने चार दिवस खपून काढलं होतं. फुगा ठेवायला जागा म्हणजे ते आभाळच. पण तो हात जोडायचा, "ताई, माझं आभाळ झाकू नका." इकडे ठेवला तर ढग जातो, तिकडे ठेवला तर घार जाते. शेवटी मी तो फुगा नायकाच्या पोटावर ठेवला. नायकाला दिवस गेल्यासारखं दिसायला लागलं, तेव्हा स्वारीने एक ढग सोडला.

दुसरा एक लेखक. त्याचा नायक चौथ्या मजल्यावरून पडतो आणि पडता पडता बोलतो. किती बोलतो? बेचाळीस शब्द. मी फोन करून म्हटलं, "अहो, एवढं बोलून होईपर्यंत तो खाली पोचून त्याचा पंचनामासुद्धा होईल. वाक्य कमी करा." त्यांनी एक दिवस विचार केला आणि चित्रकाराला सांगून बिल्डिंग अकरा मजल्यांची करून घेतली. शब्द बेचाळीसच राहिले. चित्रकार त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी बोलत नव्हता.

शिवाय आपली लिपी. इंग्रजीत काम केलेले चित्रकार फुग्याला जागा सोडतात ती इंग्रजीच्या मापाने. आपल्याकडे ओळीच्या डोक्यावर वेलांट्या, मात्रा, रफार, आणि पायाशी उकार. खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला जाऊन टेकते. मराठी माणूस तीन शब्दांत बोलेल तर शपथ. हे सगळं मी हसतखेळत सांभाळलं. या धंद्यात मी कोणाला घाबरत नसे, आणि तेच पुढे नडलं.

आता फुग्याची शेपटी. फुग्यातून निघून बोलणाऱ्याच्या तोंडाच्या दिशेने जाणारं जे टोक असतं, त्याला आम्ही शेपटी म्हणतो. शब्द कोणाचे, हे फक्त ती शेपटी सांगते. तिचे नियम आहेत. ती तोंडाकडे बघत असावी, पण तोंडाला टेकू नये. आणि सगळ्यात मोठा नियम, जो मी शिकवायला घेतलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगितला: दोन शेपट्या एकमेकींना कधीही छेदता कामा नयेत. छेदल्या म्हणजे काम नवशिक्याचं.

प्राची माझ्याकडे आली ती अशीच नवशिकी म्हणून. दिघ्याची मुलगी, सव्वीस वर्षांची, दिवसभर एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायची आणि उरलेल्या वेळात चित्रं काढायची. वाशीला मी एकदा दोन दिवसांचा वर्ग घेतला होता, तिथे ती शेवटच्या बाकावर होती. नंतर वर्षभराने चव्वेचाळीस पानांची फाइल प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घेऊन घरी आली.

"काकू, माझ्या बाबांची स्टोरी आहे. लेटरिंग तुम्हीच करायचं. दुसऱ्या कोणाकडे मी देणार नाही."

तिचे वडील रबाळ्याच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होते. पत्रा दाबून त्याला आकार देणारी मशीन. माणसाचा हात आत जाऊ नये म्हणून तिला पुढे लोखंडी जाळी असते. जाळी असली की काम सुरक्षित होतं, आणि हळू होतं. एका दिवशी ती जाळी काढली गेली, मशीन चालू असताना, आणि पुढच्या तासाभरात प्राचीच्या वडिलांच्या उजव्या हाताची चार बोटं गेली.

मशीनपाशी तेव्हा तिघंच होते. प्राचीचे वडील, सुपरवायझर, आणि वडिलांचे जोडीदार हिंदुराव, ज्यांना प्राची मामा म्हणते. सुपरवायझर म्हणाला, जाळी काढायची. हिंदुराव म्हणाले, आधी मशीन बंद करू. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. सुपरवायझरने तो उचलून जाळी स्वतः काढली, काम झाल्यावर पाना हिंदुरावांच्या पायाशी टाकला आणि निघून गेला. अपघातानंतर माणसं धावत आली तेव्हा पाना हिंदुरावांच्या पायाशीच होता. सुपरवायझरने चौकशीत सांगितलं, जाळी याने काढली. कागदावर काही सिद्ध झालं नाही, पण वस्तीत झालं. हिंदुरावांच्या बायको-पोरांसमोर लोक बोलायचे, ह्यानंच जोडीदाराचा हात घालवला.

"बाबा चौदा वर्षं सांगतायत, मामांनी नाही काढली म्हणून," प्राची म्हणाली. "लोक म्हणतात, दोस्ती आहे म्हणून सांभाळून घेतोय. मामा तर बोलतच नाहीत. आता ते गावाला चाललेत काकू, कायमचे. जायच्या आधी मला हे पुस्तक त्यांच्या हातात द्यायचंय. आपल्या वस्तीतच, सगळ्यांसमोर."

मी फाइल ठेवून घेतली. रविवार ठरला होता, सकाळी दिघ्याच्या एका छोट्या हॉलमध्ये प्रकाशन, दुपारच्या गाडीने हिंदुराव साताऱ्याला जाणार.

सगळी गोष्ट पान एकतीसवर होती. वरची मोठी चौकट, डावीकडे हिंदुराव, उजवीकडे सुपरवायझर, मध्ये मशीन. पहिल्या फुग्यात, "जाळी काढायची. माल आज गेलाच पाहिजे." दुसऱ्यात, "आधी मशीन बंद करू." खालच्या चौकटीत प्राचीने फक्त पाना धरलेला हात काढला होता, कोणाचा ते दिसू नये असा. ते तिने विचार करून केलं होतं. हात कोणाचा हे वाचणाऱ्याने वरच्या दोन वाक्यांवरून ठरवायचं.

आता गंमत बघा. आपण डावीकडून वाचतो, म्हणून पहिला फुगा डावीकडे. पण पहिलं वाक्य उजवीकडे उभ्या असलेल्या सुपरवायझरचं. प्राचीने पेन्सिलने फुगे आखून दिले होते, त्यात डाव्या फुग्याची शेपटी उजवीकडे चालली होती आणि उजव्याची डावीकडे. मधोमध फुली. मी ते बघितलं आणि कौतुकाने हसले. पोर चुकली, म्हटलं. दोन सेकंदांत दोन्ही शेपट्या सरळ केल्या. डाव्या फुग्याची डावीकडच्या माणसाकडे, उजव्याची उजवीकडच्या. पान कसं स्वच्छ दिसायला लागलं.

लोकांना वाटतं, लेटरर सगळ्यात जास्त वाचत असेल. उलट आहे. मी वाचत नाही, मी बघते. ओळी सारख्या दिसतायत का, फुग्याच्या कडेला श्वास घ्यायला जागा आहे का, जोडाक्षर तुटलं नाही ना. अर्थाकडे माझं लक्ष नसतं. प्राचीला प्रूफ पाठवलं, तिने एकेक शब्द तपासला, शेपट्या नाही, आणि मेसेज केला, "काकू, किती क्लीन दिसतंय!" वाक्यं तर अशी, की कोणाच्याही तोंडी शोभावीत. फाइल छापखान्यात गेली.

शुक्रवारी दुपारी वॉचमनने इंटरकॉमवर सांगितलं, पार्सल आलंय. छापखान्याने माझी प्रत पाठवली होती. मी चहा केला आणि का कोण जाणे, त्या दिवशी वाटलं, आज वाचावं. नुसतं बघू नये. गॅलरीत बसून पहिल्या पानापासून वाचत गेले. मुलीने फार सुरेख केलं होतं. मग एकतिसावं पान आलं.

हिंदुराव म्हणत होते, जाळी काढायची, माल आज गेलाच पाहिजे. सुपरवायझर म्हणत होता, आधी मशीन बंद करू.

मी ते तीनदा वाचलं. चहा तसाच राहिला. चौदा वर्षं वस्ती जे तोंडाने बोलत होती ते मी छापून दिलं होतं, तीनशे वेळा, सुबक अक्षरात. माझ्या वडिलांच्या भाषेत सांगायचं तर एकाचा माल दुसऱ्याच्या गाळ्यात टाकला होता. मला इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

प्राचीला फोन लावला. ऑफिसात होती. काय झालंय ते सांगितलं आणि लगेच विचारलं.

"प्रती कोणाला वाटल्यास का ग?"

"नाही काकू. गठ्ठे घरीच आहेत, बांधलेले." मग तिचा आवाज बदलला. "फक्त एक. सकाळी मामांना देऊन आले. राहवलं नाही मला."

"मग आत्ताच्या आत्ता जाऊन परत घे."

"ते घरी नाहीयेत. घणसोलीला गेलेत नातेवाइकांचा निरोप घ्यायला. रविवारी सकाळी डायरेक्ट हॉलवर येणार. पुस्तक पिशवीत घालून नेलंय त्यांनी. म्हणाले, दाखवतो सगळ्यांना."

"फोन कर त्यांना."

"आणि काय सांगू? मामा, एकतीस नंबरचं पान उघडू नका?"

मी फोन ठेवला.

छापखान्यात विचारलं. दुसरं काम मशीनवर चढलं होतं, सोमवारच्या आत काही होणार नाही. पुस्तक मध्ये पिना मारलेलं, त्यामुळे एक पान कापून नवं चिकटवावं तर त्याच्या जोडीचं पान सुटतं. माझा नवरा विनायक आयुष्यभर सरकारी कचेरीत होता, त्याने सुचवलं, चौकटीवर स्टिकर लावा. आधी मलाही पटलं. मग प्राची म्हणाली, "काकू, स्टिकर दिसला की माणूस तो सोलतो. आमच्याकडे तर सोलणारच. आणि सोलल्यावर खाली काय निघणार?" ते बरोबर होतं. प्रकाशन पुढे ढकलावं तर हिंदुराव निघून जाणार. उरला एकच मार्ग, माझ्या तरुणपणीचा. हाताने.

शनिवारी सकाळी विनायकने मला गाडीतून दिघ्याला सोडलं. सोबत जुना डबा होता, स्टुडिओतल्या दिवसांचा: पांढरा रंग, दोन बारीक ब्रश, काळ्या शाईची पेनं. तो डबा मी वीस वर्षांत उघडला नव्हता. प्राचीचं घर एका खोलीचं, वर पोटमाळा. गठ्ठे भिंतीला लावलेले. तिच्या वडिलांनी दार उघडलं. उजवा हात त्यांनी सवयीने पाठीमागे धरला होता.

मी बसायच्या आधीच सांगून टाकलं. "चूक माझी आहे. तुमच्या मुलीने बरोबर काढलं होतं. मी ते बिघडवलं."

त्यांनी पान उघडून बराच वेळ बघितलं. मग एवढंच विचारलं, "हिंदुरावकडं एक गेलंय न्हवं?"

"हो."

मला त्यांनी रागवायला हवं होतं, म्हणजे जरा सोपं गेलं असतं. पण त्यांनी स्वतःच खाली बसकण मारली, एक प्रत मांडीवर घेतली, एकतिसावं पान उघडलं आणि डाव्या हाताने दाबून धरलं. "मी पानं धरतो. तुमी चालू करा."

अशी आमची रांग लागली. वडील पान उघडून धरायचे. प्राची पांढऱ्या रंगाने चुकीच्या दोन्ही शेपट्या पुसायची. तिची आई ती प्रत उघडीच खाटेवर वाळत टाकायची, पंखा बंद, कारण पानं उडायची. मग माझ्याकडे. मी नव्या शेपट्या काढायच्या. आता बघा माणसाची खोड कशी असते. एवढी नामुष्की झाली तरी माझा नियम मी मोडला नाही. शेपट्या सरळ काढल्या असत्या तर मधे फुली झाली असती, म्हणून डाव्या फुग्याची शेपटी मी दुसऱ्या फुग्याच्या डोक्यावरून लांबलचक वळसा घालून सुपरवायझरकडे नेली. प्रत्येक प्रतीत तो वळसा. पन्नासाव्या प्रतीला बोटं वळेनात.

प्राचीच्या वडिलांनी माझा हात बघितला. "ताई, दमानं. मशीनवर चूक झाली की बोटं जात्यात. ही तर शाई हाय. पुसली, झालं."

मला एकदम रडू आलं. त्यांच्या बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला. दुपारी पिठलं-भाकरी झाली, हात धुऊन पुन्हा बसलो. शेजारणी डोकावून जायच्या, "काय रांगोळीचा क्लास हाय व्हय?" पाच-सव्वापाचला शेवटची प्रत खाटेवर गेली. दोनशे नव्याण्णव. माझी प्रतही त्यातच होती. राहिली होती फक्त घणसोलीला गेलेली.

त्या एका प्रतीचा विचार माझ्या डोक्यातून हलेना. तीनशेपैकी एकच प्रत चुकीची, आणि ती नेमकी ज्याच्यासाठी पुस्तक केलं त्याच्या हातात. त्यांनी वाचलं असेल. त्यांना वाटलं असेल, शेवटी पोरीनेही तेच लिहिलं. ते रविवारी आलेच नाहीत तर काय, याचा मी विचार करत राहिले.

पण ते आले. हॉल उघडायच्याही आधी येऊन पायरीवर बसले होते. पांढरा शर्ट, टोपी, शेजारी दोन पिशव्या. उंच, वाळका माणूस, चित्रातल्यापेक्षा म्हातारा. प्राची पुढे व्हायला लागली, तिला मी थांबवलं. हे माझं काम होतं.

"मामा, नमस्कार. पुस्तकातली अक्षरं मी केलीत. तुम्ही वाचलंत का?"

"वाचलं की. दोनदा वाचलं."

"एकतिसावं पान…"

"थांबा." त्यांनी पिशवीत हात घातला. पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळलेलं होतं. ते उलगडून त्यांनी पान काढलं आणि माझ्यासमोर धरलं.

माझ्या दोन्ही शेपट्यांवर निळ्या बॉलपेनने फुल्या मारल्या होत्या. आणि फुगे ते माणसं, अशा दोन नव्या रेघा ओढल्या होत्या, पट्टी लावून, अगदी सरळ. डाव्या फुग्यापासून उजवीकडच्या सुपरवायझरच्या तोंडापर्यंत एक. उजव्या फुग्यापासून डावीकडच्या स्वतःच्या तोंडापर्यंत दुसरी.

"परवा दुपारी बगितलं तवा डोस्कंच फिरलं," हिंदुराव म्हणाले. "म्हणलं, ह्या पोरीला म्या अंगाखांद्यावर खेळवली, आन हिनं बी? पुस्तक मिटून ठेवलं. मंग परत उगडलं. म्हणलं, न्हाय, ही असं लिवनार न्हाय. नीट बगितलं. बोलनं बराबर हाय, आमी बोललो त्येच हाय. निस्त्या वायरी चुकीच्या जोडल्यात. मंग पट्टी घेतली आन जोडून टाकल्या."

"चूक माझी होती मामा. मी जोडल्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. "तुमी दोन दिस चुकीच्या जोडल्या. हितं लोकांनी चौदा वर्सं जोडल्या हुत्या. त्येंच्याकडं पट्टी घेऊन कुटं जानार? हितं निदान कागूद तरी व्हता."

"आणि घणसोलीला दाखवलंत पुस्तक?"

"समद्यांस्नी दाखवलं. बोट ठिवून दाखवलं. हे त्यो बोल्ला, हे म्या."

माझा जीव भांड्यात पडला, असं लिहायची पद्धत आहे. मी मात्र तिथेच पायरीवर त्यांच्या शेजारी बसले. प्राचीला हाक मारून पान दाखवलं, तर ती मामांच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत सुटली आणि हसता हसता रडली.

कार्यक्रम लहानसाच झाला. साठ-सत्तर माणसं असतील, सगळी वस्तीतली. प्राचीने पान एकतीस मोठ्याने वाचलं. सुपरवायझर म्हणाला, जाळी काढायची. मामा म्हणाले, आधी मशीन बंद करू. मग मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "म्हंजी हिंदुरावनं न्हवती काढली?"

प्राचीचे वडील उठून उभे राहिले. पाठीमागे धरलेला उजवा हात त्यांनी सगळ्यांसमोर वर केला. "न्हवती. चौदा वर्सं त्येच तर सांगतोय मी. आता छापलंय तर ऐका."

लोक हसले. जे हसले नाहीत ते खाली बघत होते. नंतर एकेक जण पुस्तक घेऊन हिंदुरावांकडे सही मागायला गेला, आणि तो म्हाताराही रांगेत होता.

निघायच्या आधी मी हिंदुरावांना म्हटलं, ती बॉलपेनची प्रत मला द्या, बदली दुरुस्त केलेली घ्या. त्यांनी दोन्ही पानं शेजारी शेजारी धरली. माझ्या वळशावरून बोट फिरवलं. "ही लय लांबनं जाती हो. मानूस वाटंतच इसरायचा कोन बोल्लं त्ये." आणि स्वतःची प्रत पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवली.

त्यानंतर मी कामं बरीच कमी केली आहेत. जी घेते ती छापायला जाण्याआधी लेखकाला समोर बसवून मोठ्याने वाचायला लावते, कोण बोललं त्यावर बोट ठेवून. लोकांना हा म्हातारीचा चाळा वाटतो, वाटू दे. झोप मात्र चांगली लागते.

प्राचीच्या पुस्तकाच्या तीनशे प्रती संपल्या आणि दुसऱ्यांदा छापायचं ठरलं, तेव्हा फाइल माझ्याकडेच आली. पान एकतीस उघडलं. माझा वळसा मी केलाच नाही. दोन सरळ शेपट्या काढल्या, मधोमध एकमेकींना छेदणाऱ्या, पेन्सिलीत प्राचीने पहिल्यांदा आखल्या होत्या तशाच. लांबून बघितलं, तर पहिल्या नजरेत कळत होतं कोण काय म्हणालं. माझ्याकडे शिकून गेलेल्या एका मुलीने पुस्तक बघून लगेच मेसेज केला, "मॅम, पान एकतीसवर टेल्स क्रॉस झाल्यात. राहून गेलं का?" तिला अजून उत्तर दिलेलं नाही, हा लेख पाठवणार आहे.

नव्या छपाईची एक प्रत हिंदुरावांना गावी पाठवली होती. पोचल्यावर त्यांचा फोन आला. मी म्हटलं, "मामा, तुमच्यासारखंच केलंय बरं का. पण आमच्या धंद्यात शेपट्या अशा एकमेकींना छेदलेल्या चालत नाहीत."

"छेदल्या तर छेदल्या," ते म्हणाले. "बोल्लं कोन त्ये कळतंय न्हवं?"

"कळतंय."

"मंग झालं तर."